जुन्या पीसीवर नेटवर्क ब्रिज: गिरगावातल्या अभ्यासिकेच्या कामाच्या नोंदी

४ जून २०२५ : मांडणी आणि खर्चाचा अंदाज

जागा चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची. जिन्याजवळ मोठी खोली, तिथे आठ पीसी. गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला लहान खोली, तिथे चार. मधल्या ऑफिसात इंटरनेटचा राउटर, प्रिंटर आणि बोटाचे ठसे घेणारं हजेरीचं यंत्र. सगळं १९२.१६८.१ या एकाच नेटवर्कमध्ये आहे आणि तसंच राहायला हवं, कारण प्रिंटर आणि हजेरीच्या यंत्रात पत्ते हाताने घातलेले आहेत. ते बदलायचे तर हजेरीच्या कंपनीचा माणूस बोलवावा लागतो.

ब्रिज म्हणजे पीसीचे अनेक पोर्ट जोडून त्यांचं एकच नेटवर्क करणं, पीसी जणू स्विचच होतो. आधी एक गोष्ट. नुसते दोन खोल्यांतले पीसी जोडायचे असतील तर हे काही करू नका, सरळ स्विच घ्या. आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच हजार-बाराशेत येतो, वीज नगण्य खातो आणि त्याला कधी अपडेट लागत नाही. इथे मध्ये पीसी घालण्याचं मुख्य कारण आगंतुक राउटर. अभ्यासाला येणारी मुलं घरून छोटे राउटर आणतात आणि केबल नेमकी त्याच्या लॅन पोर्टमध्ये घालतात. मग तो राउटर सगळ्यांना आपल्या मनाने पत्ते वाटत सुटतो आणि निम्म्या पीसींचं इंटरनेट जातं. साधा स्विच हे अडवू शकत नाही. शिवाय पुस्तकांच्या यादीचा सर्व्हर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत) चालवायचा आहे आणि तो बाकीच्यांना शेजारच्या पीसीसारखा दिसायला हवा. लहान खोलीत वायफायही याच नेटवर्कचं हवं. ही तिन्ही कामं लिनक्स ब्रिज एकाच खोक्यात करतो.

सामान: पडून असलेला चौथ्या पिढीचा आय५ पीसी, ८ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), ग्राफिकल डेस्कटॉप न घालता. इंटेल आय३५० चिपचं चार पोर्टचं वापरलेलं कार्ड लॅमिंग्टन रोडला २,४०० रुपयांना. कॅट ६ केबल, पूर्ण तांब्याची, ८० मीटर, २८ रुपये मीटर, म्हणजे २,२४०. आरजे४५ कनेक्टर वीस, २४०. दोन मीटरच्या प्लास्टिक केसिंग पट्ट्या वीस, ९००. अथेरॉस चिपचं वायफाय कार्ड ९००. कार्ड घेताना मागची धातूची पट्टी बघून घ्या. आपला पीसी बुटक्या केसचा असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी लागते आणि दुकानदार बहुधा पूर्ण उंचीची लावूनच देतो. ती नंतर सुटी मिळवायला वणवण होते.

केबलच्या बाबतीत घासाघीस करून तांबं चढवलेली ॲल्युमिनियमची गळ्यात घेऊ नका. वजनाला हलकी लागते आणि टोक चाकूने खरवडलं की आत पांढरं दिसतं. गिरगावची हवा खारी, गॅलरी उघडी. अशा ठिकाणी ती फार काळ टिकत नाही.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीची रोमन अक्षरं.)

७ जून : कार्ड बसवलं आणि जुनं नेटवर्क गेलं

कार्ड ग्राफिक्सच्या लांब स्लॉटमध्ये बसतं, ते चार लेनचंच आहे. एलएसपीसीआय कमांडने आय३५० च्या चार ओळी दिसल्या, म्हणजे चारही पोर्ट जिवंत. पण पीसीचं स्वतःचं मदरबोर्डवरचं नेटवर्क बंद. केबल ठीक, दिवे लागलेले, पत्ता नाही.

कारण नावात होतं. कार्ड बसायच्या आधी मदरबोर्डवरच्या पोर्टचं नाव ईएनपी२एस० होतं. या नावातला पहिला आकडा म्हणजे पीसीआय बसचा क्रमांक. नवीन कार्डाने मधला क्रमांक घेतला, पोर्ट पुढे सरकला आणि त्याचं नाव ईएनपी३एस० झालं. सेटिंगच्या फाइलीत मात्र जुनंच नाव. "ही नावं कधी बदलत नाहीत" असं सर्रास सांगितलं जातं. ती बदलत नाहीत हे खरं, पण स्लॉटांत काही घालाकाढायचं नसेल तर.

म्हणून ब्रिजला हात लावण्याआधी प्रत्येक पोर्टला आपलं नाव द्यायचं. /ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क या फोल्डरमध्ये दर पोर्टमागे एक .लिंक फाइल: मॅच भागात पोर्टचा कायमचा मॅक पत्ता (प्रत्येक पोर्टला कारखान्यातून मिळालेला क्रमांक), लिंक भागात नाव. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टला अप०, कार्डावरच्या चौघांना लॅन१ ते लॅन४. जुळवणीसाठी साधा मॅकॲड्रेस न लिहिता पर्मनंटमॅकॲड्रेस लिहावा. पुढे ब्रिजला अप० चाच मॅक द्यायचा आहे आणि साध्या जुळवणीत दोन इंटरफेस एकाच नियमात बसू शकतात. ब्रिजला कायमचा मॅक नसतोच, त्यामुळे प्रश्न मिटतो.

फाइली लिहिल्यावर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवायला हवं. ते राहिलं तर रीबूटनंतर काही पोर्टांना नवी नावं आणि काहींना जुनी, असा घोळ होतो, कारण बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यात जुनीच प्रत वाचली जाते.

कोणतं भोक लॅन१ आणि कोणतं लॅन४ हे ओळखायला ईथटूल -पी लॅन१ १० ही कमांड. त्या पोर्टचा दिवा दहा सेकंद लुकलुकतो. लगेच मार्करने पत्र्यावर आकडे लिहून टाकावेत.

८ जून : हाताने पहिला ब्रिज

कायमची फाइल लिहिण्याआधी हाताने करून बघावं, कारण हाताने केलेलं सगळं रीबूटला पुसलं जातं. त्याचा फायदा घ्यायचा. दुसऱ्या पीसीवरून एसएसएचने (दुरून कमांड चालवायच्या सोयीने) काम चालू असेल तर पहिली कमांड ही:

शटडाउन -आर +५

म्हणजे पाच मिनिटांत यंत्र आपोआप रीबूट होईल. जोडणी तुटली तर काही न करता वाट बघायची, यंत्र पूर्वीसारखं परत येतं. सगळं सुरळीत झालं तर शटडाउन -सी करून रद्द करायचं. पोटमाळ्यावरच्या यंत्राला मॉनिटर लावायला शिडी लागत असेल तर ही एक ओळ शंभर शिव्या वाचवते.

मग बीआर० नावाचा ब्रिज बनवून त्यात पोर्ट घालायचे:

आयपी लिंक ॲड नेम बीआर० टाइप ब्रिज
आयपी लिंक सेट बीआर० अप
आयपी लिंक सेट लॅन१ अप
आयपी लिंक सेट लॅन१ मास्टर बीआर०

लॅन२, लॅन३, लॅन४ ला हेच. इथपर्यंत काहीच तुटत नाही. तुटतं ते अप० आत घेताना. ज्या क्षणी अप० ब्रिजचा भाग होतो, त्या क्षणापासून त्याच्यावर आलेलं प्रत्येक पॅकेट ब्रिजच्या हाती जातं. अप० वर बसलेला आयपी पत्ता तिथेच राहतो, पण त्याचा उपयोग संपतो. आयपी ॲड्रेस शो बघितलं तर पत्ता दिसतो, राउट दिसतो, सगळं ठाकठीक, आणि पिंग मात्र जात नाही. पहिल्यांदा ब्रिज करणारे नेमके इथे अडकतात. नियम एकच: पोर्टला पत्ता नको, पत्ता ब्रिजला हवा.

म्हणून या तीन गोष्टी एकाच ओळीत, मध्ये दोन-दोन अँपरसँड घालून द्यायच्या: आयपी ॲड्रेस फ्लश डेव्ह अप०, मग आयपी लिंक सेट अप० मास्टर बीआर०, मग डीएचक्लायंट बीआर० (हा राउटरकडून डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, पत्ता मागतो). वेगवेगळ्या ओळींत दिल्या तर पहिल्या ओळीनंतरच एसएसएच गेलेलं असतं आणि पुढच्या ओळी टाइप करायला कोणी उरत नाही.

ओळ पूर्ण चालली, पण पत्ता मात्र वेगळा आला आणि जुन्या पत्त्यावरचं एसएसएच तिथेच थांबलं. राउटरमध्ये या यंत्रासाठी १९२.१६८.१.५ राखून ठेवला होता, मिळाला भलताच. त्याचं उत्तर पुढच्या नोंदीत.

ब्रिज लिंक कमांडने केबल लागलेले पोर्ट फॉरवर्डिंग दिसले. ब्रिज एफडीबी शो बीआर बीआर० ने कोणता मॅक कोणत्या पोर्टच्या मागे आहे ते दिसतं. ही यादी वाचायची सवय लावून घ्यावी. पुढच्या निम्म्या अडचणी इथेच उलगडतात. पाच मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद, एखादं यंत्र गप्प बसलं तर ते या यादीतून गळतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

१० जून : कायमची फाइल आणि मॅकचा प्रश्न

ब्रिज-युटिल्स पॅकेज घातलं. त्यातली बीआरसीटीएल ही कमांड आता जुनी झाली, रोजच्या कामाला आयपी आणि ब्रिज याच वापराव्यात. पण डेबियनच्या /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस फाइलीला ब्रिजच्या ओळी समजतात त्या या पॅकेजमुळे, म्हणून ते हवं.

भलता पत्ता मिळण्याचं कारण: राउटर पत्ता राखतो मॅकवरून, आणि डेबियन १२ मध्ये ब्रिजला कुठल्याच पोर्टचा मॅक मिळत नाही. सिस्टिमडी (सगळ्या सेवा सुरू करणारा डेबियनचा भाग) यंत्राच्या ओळखक्रमांकावरून आणि ब्रिजच्या नावावरून स्वतःच एक मॅक तयार करून देतो. पूर्वी ब्रिज आपल्या पोर्टांमधला सगळ्यात लहान मॅक घ्यायचा, त्यामुळे जुन्या लेखांत याचा उल्लेख सापडत नाही. दोन्ही पद्धतींत आपण सांगितलेला मॅक नाही, म्हणून तो स्पष्ट लिहून टाकायचा. फाइलीत बीआर० च्या खाली हे घातलं:

ब्रिज_पोर्ट्स अप० लॅन१ लॅन२ लॅन३ लॅन४
ब्रिज_एचडब्ल्यू, पुढे अप० चा मॅक
ॲड्रेस १९२.१६८.१.५/२४
गेटवे १९२.१६८.१.१

पत्ता स्थिर ठेवला, डीएचसीपी नाही. राउटरमधली राखीव नोंदही ठेवली, म्हणजे राउटर तो पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही. राउटर बंद पडला तरी दोन खोल्या आणि यादीचा सर्व्हर एकमेकांशी बोलत राहायला हवेत. इंटरनेट नाही म्हणून पुस्तक शोधता येत नाही, हे काही बरोबर नाही.

अप० चा जुना डीएचसीपीचा परिच्छेद फाइलीतून काढला. तो राहिला तर पोर्टला पुन्हा पत्ता चिकटतो आणि यंत्राला एकाच नेटवर्ककडे जाणाऱ्या दोन वाटा दिसतात. कधी चालतं, कधी नाही, असला दोष सापडायला सगळ्यात कठीण.

१४ जून : केबल

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि संगणकाशी त्याचा काही संबंध नाही. गॅलरीत कठड्याच्या आतल्या बाजूने, वरच्या पट्टीलगत केसिंग ठोकून दोन केबल नेल्या. एक कामाची, एक जादा. ओढण्याची मेहनत तेवढीच, आणि पावसाळ्यात एक गेली तर पुन्हा शिडी नको. दर वळणावर केबलला सैल लूप. गॅलरीतून खोलीत शिरताना केबल आधी भोकाच्या खाली झुकवून मग वर घेतली, म्हणजे पाणी झुकावाच्या टोकाला गळून पडतं, भिंतीत शिरत नाही.

लहान खोलीचा वेग आयपर्फ३ ने मोजला: ९४ मेगाबिट. हा आकडा दिसला की समजायचं, लिंक शंभरवर बसली आहे. गिगाबिटवर साधारण ९४० यायला हवा. ईथटूल लॅन२ मध्ये स्पीड १०० दिसलं. शंभरला दोनच जोड्या पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी लागत नाही.

कनेक्टर उजेडात धरून समोरून बघितला. आठ तारांची टोकं प्लास्टिकच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसायला हवीत. सात टेकली होती. निळी, चौथ्या खाचेतली, केसभर मागे राहिली होती आणि सोनेरी पात्याने तिचं आवरण तेवढं दाबलं होतं, आतल्या तांब्याला ते भिडलंच नव्हतं. कापून नवा कनेक्टर. क्रम टी५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून एकत्र कापायच्या, आत ढकलून समोरून बघायचं, आणि मगच चिमटा दाबायचा. वेग ९४१.

मोठ्या खोलीत जुनीच केबल होती, तिची तऱ्हा वेगळी. लिंक गिगाबिटची, स्वस्त टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, पण मोठी फाइल पाठवली की वेग वर-खाली. ईथटूल -एस लॅन१ मध्ये आरएक्स_सीआरसी_एरर्स हा वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा आकडा बघता बघता वाढत होता. कनेक्टर उघडून बघितला तर जोड्या सरळ ओळीने लावलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच, त्यामुळे टेस्टर खूश. पण ३ आणि ६ या पिना एकाच पिळातल्या जोडीने जोडायला लागतात. इथे त्या दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारांवर गेल्या होत्या. पीळ असतो तो एकमेकांचा गोंगाट मारण्यासाठीच, तो फायदा सगळा गेला. आठ दिवे लागले म्हणजे केबल चांगली असं धरून चालू नका. सीआरसीचा आकडा शून्यावर थांबला पाहिजे.

१५ जून : फेरा

लहान खोलीच्या भिंतीवर आता दोन सॉकेट आहेत, लॅन२ आणि लॅन३ चे. कोणीतरी दोन्ही एकाच स्विचमध्ये घातले. "दोन केबलने डबल स्पीड" हा समज फार पसरलेला आहे. काही सेकंदांत स्विचचे सगळे दिवे लुकलुकायचे थांबून अखंड पेटले, पिंगला दोन-दोन हजार मिलिसेकंद लागू लागले, हजेरीचं यंत्र गोठलं. ब्रॉडकास्ट पॅकेट लॅन२ ने जातं, स्विचमधून लॅन३ ने परत येतं, ब्रिज ते पुन्हा लॅन२ वर सोडतो. इथरनेटच्या पॅकेटला आयुष्याची मर्यादा नसते, ते मरत नाही. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदींत) ओळ येते ती अशा अर्थाची: लॅन३ वर माझाच पत्ता पाठवणारा म्हणून असलेलं पॅकेट आलं. ही ओळ दिसली की फेरा आहे, दुसरं काही शोधत बसू नका.

फेरा ओळखून एक पोर्ट अडवणारी पद्धत म्हणजे एसटीपी. लिनक्स ब्रिजमध्ये ते मुळात बंद असतं. ब्रिज_एसटीपी ऑन केल्यावर लॅन३ ब्लॉकिंगमध्ये गेला आणि सगळं शांत झालं. लॅन२ उपटली की थोड्या वेळाने लॅन३ आपोआप चालू होतो. जादा केबल खऱ्या अर्थाने जादा म्हणून कामाला आली.

पण लगेच दुसरी कटकट. हजेरीचं यंत्र लॅन४ ला थेट जोडलेलं आहे. ते बंद-चालू केलं की तीस सेकंद नेटवर्क नाही. चाचणीसाठी त्याच पोर्टला विंडोज पीसी लावला तर तो कंटाळून स्वतःला १६९.२५४ चा पत्ता देऊन बसतो. कारण एसटीपीत पोर्ट वर आला की पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, मग पॅकेट सोडतो. स्विचच्या मागच्या पीसींना हे जाणवत नाही, कारण स्विच चालू असतो तोवर पोर्ट खाली जातच नाही.

ब्रिज_एफडी (फॉरवर्ड डिले, म्हणजे या प्रत्येक टप्प्याचे सेकंद) शून्य करा असं ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. एसटीपी बंद असेल तेव्हाच ते चालतं, चालू असताना दोन सेकंदांच्या खाली कर्नल घेत नाही. आणि हा आकडा एकट्याने बदलायचाही नाही. प्रमाणानुसार फॉरवर्ड डिलेतून एक वजा करून येणाऱ्याची दुप्पट मॅक्स एजपेक्षा (एसटीपीचा निरोप किती सेकंद खरा धरायचा) कमी नको, आणि मॅक्स एज हा हॅलोमध्ये (दोन निरोपांमधलं अंतर) एक मिळवून येणाऱ्याच्या दुपटीपेक्षा कमी नको. हॅलो २, मॅक्स एज ६, फॉरवर्ड डिले ४ या तीन आकड्यांत दोन्ही अटी काटेकोर बसतात. एवढ्या लहान नेटवर्कला हे पुरे. तीसचे आठ सेकंद झाले, हजेरीचं यंत्र तेवढं थांबतं.

एक खबरदारी. एसटीपीचे निरोप काही स्वस्त स्विच पुढे जाऊ देतात, काही गिळून टाकतात. गिळणारा स्विच असेल तर ब्रिजला फेरा कळणारच नाही. आपला कोणता ते एकदा मुद्दाम दोन्ही केबल घालून बघून घ्यावं, अभ्यासिका बंद असताना.

१८ जून : व्हर्च्युअल मशीन आणि डॉकर

केव्हीएम आणि लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर) घातलं. मशीनच्या नेटवर्कमध्ये "ब्रिज" निवडून बीआर० लिहिलं, कार्डाचा प्रकार व्हर्टिओ. मशीन सुरू झाल्यावर ब्रिजवर व्हीनेट० नावाचा पोर्ट आपोआप दिसतो. लिबव्हर्ट त्याचा मॅक एफई ने सुरू करतो. पूर्वी सगळ्यात लहान मॅक ब्रिजचा व्हायचा, तेव्हा ब्रिजने तो उचलू नये यासाठीची ही युक्ती. सर्व्हर १९२.१६८.१.६ वर दोन्ही खोल्यांतून दिसू लागला.

नंतर वापराचे आलेख काढायला याच यंत्रावर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यांत चालवणारी प्रणाली) घातला आणि अख्खी अभ्यासिका ऑफलाइन. पीसींवर "कनेक्टेड" दिसतं, कारण पत्ता आधीच मिळालेला. राउटरला पिंग नाही. पण आर्पिंग (एआरपीने, म्हणजे मॅक पत्ता विचारून, केलेलं पिंग) केलं तर राउटर उत्तर देतो! टीसीपीडंपने लॅन१ वर पिंगचं पॅकेट आत येताना दिसतं, अप० वर बाहेर पडताना दिसत नाही. एआरपी जातं आणि आयपी जात नाही, हे लक्षण दिसलं की फायरवॉलकडे वळायचं.

एलएसमॉडमध्ये बीआर_नेटफिल्टर हे मॉड्यूल चढलेलं होतं आणि आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) फॉरवर्ड साखळीची पॉलिसी ड्रॉप, म्हणजे नियमात न बसणारं टाकून द्यायचं. ती डॉकरने केलेली. एरवी ब्रिजमधून जाणारं पॅकेट आयपीटेबल्सच्या वाटेला जात नाही. हे मॉड्यूल चढलं की जातं, आणि तिथे त्याला परवानगी देणारा नियम नसतो.

उपाय दोन. एक, डॉकर-यूझर साखळीत बीआर० मधून येऊन बीआर० मधूनच जाणाऱ्याला ॲक्सेप्ट. दोन, सिसीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगांत) नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स शून्य. दुसऱ्यात एक खाच आहे: मॉड्यूल चढलेलं नसेल तर ही सेटिंगच अस्तित्वात नसते. बूटच्या वेळी सिसीटीएल आधी आणि मॉड्यूल नंतर आलं तर आपली ओळ वाया जाते. त्यासाठी /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये बीआर_नेटफिल्टर लिहून ते आधीच चढवून घ्यावं लागतं.

दोन्ही करून बघितले, दोन्ही चालतात. शेवटी तिसरंच केलं: डॉकर इथून काढून व्हर्च्युअल मशीनच्या आत हलवला. ज्या यंत्रातून सगळ्यांची वाट जाते त्याच्या फायरवॉलमध्ये दुसऱ्या कोणी न विचारता हात घालू नये. काढल्यावर रीबूट आवश्यक, नाहीतर ड्रॉप पॉलिसी तशीच मागे राहते.

२१ जून : वायफाय

आधी सोपी वाट बघितली: राउटरच्या वायफायला हे यंत्र ग्राहक म्हणून जोडायचं आणि तो इंटरफेस ब्रिजमध्ये घालायचा, म्हणजे अप० ची केबलही नको. उत्तर आलं, ऑपरेशन नॉट सपोर्टेड. हा बग नाही. ग्राहक म्हणून जोडलेल्या वायफायच्या फ्रेममध्ये तीनच पत्ते असतात, त्यात "मी दुसऱ्या कोणाच्या वतीने पाठवतोय" हे सांगायला जागा नाही. चार पत्त्यांची पद्धत आहे, आयडब्ल्यू मध्ये ४ॲडर ऑन करता येतं, मग ब्रिज इंटरफेस आत घेतोही. पण समोरच्या राउटरलाही ती पद्धत यावी लागते आणि कंपनीकडून मिळालेल्या राउटरला ती आली नाही. यात आणखी वेळ घालू नये.

उलटी वाट चालते. आपणच ॲक्सेस पॉइंट व्हायचं. होस्टएपीडी घातलं, फाइलीत इंटरफेस, ब्रिज=बीआर०, कंट्री_कोड=आयएन, चॅनल ६, डब्ल्यूपीए२ आणि सीसीएमपी. वायफायचा इंटरफेस ब्रिज_पोर्ट्सच्या ओळीत लिहायचा नाही, होस्टएपीडी स्वतःच तो ब्रिजमध्ये घालतो. दोन्हीकडे लिहिलं तर बूटच्या वेळी आधी कोण यावर नशीब. डेबियनमध्ये ही सेवा सुरुवातीला मास्क केलेली असते, सिस्टिमसीटीएल अनमास्क केल्याशिवाय सुरू होत नाही.

मुलांच्या फोनांनी एकमेकांना बघण्याचं कारण नाही, म्हणून एपी_आयसोलेट=१.

यंत्र ऑफिसात आणि वायफाय हवं लहान खोलीत, त्यामुळे अँटेना लांब वायरवर घेऊन गॅलरीकडच्या खिडकीत चिकटवली. आदर्श नाही. २.४ गिगाहर्ट्झला गिरगावात शेजाऱ्यांची इतकी गर्दी आहे की संध्याकाळी वेग पडतोच. ज्यांना जमेल त्यांनी खोलीत वेगळा ॲक्सेस पॉइंट केबलवर टांगावा, तेच बरं.

२२ जून : आगंतुक राउटर

ज्यासाठी एवढं केलं ते काम सर्वात लहान निघालं. एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या नव्या फायरवॉलमध्ये) ब्रिज कुटुंबाचं एक टेबल, त्यात फॉरवर्ड हुकवर एक साखळी, पॉलिसी ॲक्सेप्ट, आणि दोन नियम. पहिला: अप० सोडून दुसऱ्या कुठल्याही पोर्टवरून आलेलं, यूडीपी सोर्स पोर्ट ६७ चं पॅकेट ड्रॉप. ६७ वरून फक्त डीएचसीपी सर्व्हर बोलतो, म्हणजे पत्ते वाटायचा अधिकार राउटरच्या बाजूलाच. दुसरा: त्याच अटीवर आयसीएमपीव्ही६ चं राउटर ॲडव्हर्टाइजमेंट ("मी राउटर आहे" असं सांगणारा आयपीव्ही६ चा निरोप) ड्रॉप. पहिला लिहून दुसरा विसरला जातो, आणि मग आगंतुक राउटर आयपीव्ही६ च्या दाराने आत येतो. दोन्ही नियमांना काउंटर लावला, म्हणजे कोणी प्रयत्न केला ते आकड्यावरून कळतं.

मर्यादा सांगायला हवी. लहान खोलीतल्या स्विचला राउटर लावला तर त्या स्विचवरच्या चार पीसींना तो त्रास देणारच, कारण ती पॅकेट ब्रिजपर्यंत येतच नाहीत. मोठी खोली आणि ऑफिस मात्र वाचतं. आधी अख्खी अभ्यासिका बसायची, आता एक खोली, आणि कोणती ते काउंटरच्या शेजारी पोर्टचं नाव टाकून लगेच सांगता येतं.

नियम /ईटीसी/एनएफटेबल्स.कॉन्फ मध्ये लिहून एनएफटेबल्सची सेवा एनेबल केली. नुसते टर्मिनलवर दिलेले नियम रीबूटला जातात.

२८ जून : वीज गेल्यावर

मेन स्विच पाडून चाचणी. वीज परत आल्यावर राउटर उठला, स्विच उठले, पीसी उठला नाही. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग चालू केली होती, पण ती टिकली नव्हती. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली, म्हणून वीज गेली की बायोस सगळं विसरत होता आणि घड्याळही मागे जात होतं. नवी बॅटरी ४० रुपये. हे आधी बघितलं जात नाही, आणि ब्रिज झालेला पीसी बंद म्हणजे सगळंच बंद.

यावर तोड म्हणून एक पॅच केबल ऑफिसात खिळ्याला टांगून ठेवली आहे आणि कागदावर लिहिलं आहे: पीसी मेला तर मोठ्या खोलीची आणि लहान खोलीची केबल पीसीमधून काढून थेट राउटरच्या रिकाम्या पोर्टांत घाला. पॅच केबल हजेरीच्या यंत्रासाठी. नेटवर्क एकच असल्यामुळे कुठलाही पत्ता बदलावा लागत नाही, रक्षण, यादीचा सर्व्हर आणि लहान खोलीचं वायफाय तेवढं जातं. पत्ते वेगळे करणारा राउटर मध्ये घातला असता तर ही सोय राहिली नसती.

एकूण खर्च ६,७२० रुपये, पीसी सोडून. राहिलेलं काम: लॅन३ च्या सॉकेटला झाकण, आणि गॅलरीतल्या केसिंगच्या सांध्यांना सिलिकॉन. मोठा पाऊस गॅलरीत आडवा येतो, तेव्हा हे आधी.